वाळवंटातील विद्यापीठ आणि आपली एक विद्यार्थिनी

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आमच्यापुढे नेहमीचे विषय होतेच. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडून डॉक्टर, अभियंते, तहसीलदार, प्राध्यापक झालेल्या मुलामुलींची यादी मोठी आहे आणि ती या अंकात इतरत्र येईलच. ती वाचताना आमचाही ऊर भरून येतो. परंतु त्या यादीत सहसा न सापडणाऱ्या एका वाटेविषयी आम्ही येथे लिहू इच्छितो. आपल्या एका विद्यार्थिनीने शेतीचे शास्त्र निवडले, आणि तेही राजस्थानच्या वाळवंटात जाऊन. तिचे नाव तिच्याच इच्छेनुसार देत नाही. माजी विद्यार्थी तिला ओळखतीलच.

तिने परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. पुढे अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देऊन मृदाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी बिकानेर निवडले. ही बातमी घेऊन तिचे वडील आमच्याकडे आले ते पेढे घेऊन आले नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "सर, माती सुटावी म्हणून पोरीला तुमच्याकडं धाडली. अन् तुम्ही शिकवून शिकवून पुन्हा मातीतच घातली व्हय? अन् ती बी वाळूत?"

हा प्रश्न एका बापाचा नव्हता. आपल्या अनेक पालकांच्या मनात तो असतो, फक्त ते बोलून दाखवीत नाहीत. या गृहस्थांनी वीस वर्षे सालगडी म्हणून दुसऱ्याची जमीन कसली, सहा हंगाम ऊसतोडीला गेले. शेती म्हणजे काय असते हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकायचे नव्हते. दुसऱ्याच्या बांधावर बसून ओंजळीने पाणी पिण्याची आठवण ज्यांच्या घरात अजून जिवंत आहे, त्यांना कृषिविज्ञानाचे कौतुक कसे वाटावे?

आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्यामुळे आमचे उत्तर इतिहासातूनच जाणार. खेड्याविषयी बाबासाहेबांची भूमिका सर्वश्रुत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो प्रहार केला, त्याचा अर्थ आपल्या समाजाने बरोबर घेतला आणि शहराची वाट धरली. ते योग्यच झाले. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावर प्रबंध लिहिला होता, हे आपल्या सभांमधून फारसे सांगितले जात नाही. शेताचा तुकडा लहान की मोठा, हे केवळ त्याच्या आकारावर ठरत नाही. त्यावर राबणारे हात आणि भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते, आणि शेतीवरचा निष्क्रिय मनुष्यबळाचा भार उद्योगांकडे वळविल्याशिवाय शेतीचा रोग बरा होणार नाही, असे त्यांचे विवेचन आहे. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातिधर्मनिरपेक्षपणे सामूहिक कसण्यासाठी द्यावी, असे त्यांनी मांडले. म्हणजे खेडे सोडा असे सांगणारा माणूस माती आणि पाणी यांचा विचार आयुष्यभर करीत होता. त्यांचा विरोध मातीला नव्हता, मातीच्या मालकीला होता.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना याच शब्दांत सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "दादा, आजवर आपण राबलो. आता आपली पोरगी ती माती तपासणार आहे. दोन्हींत फरक आहे." त्यांना ते पटले असे दिसले नाही. परंतु तिला पोचवायला ते आमच्यासोबत निघाले.

दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासाचे वर्णन येथे करीत नाही. बिकानेरला पहाटे उतरलो तेव्हा हवा चक्क गार होती. दहा वाजता डोक्यावर टॉवेल घेण्याची पाळी आली. तेथे वर्षाला सुमारे २५० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या मराठवाड्यात सरासरी सातशेच्या पुढे पडतो आणि तरी आपण दर चार वर्षांनी टँकरच्या रांगेत उभे असतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हिवाळ्यात रात्री गोठणबिंदूच्या आसपास. माती म्हणजे वाळूच. तिच्यात सेंद्रिय अंश अत्यल्प आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद त्याहून कमी. भूगर्भातले पाणी पुष्कळ ठिकाणी खारे.

अशा जागी, शहराबाहेर बीछवाल भागात हे विद्यापीठ उभे आहे. १९८७ साली उदयपूरच्या मोहनलाल सुखाडिया विद्यापीठातून वेगळे होऊन राजस्थान कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २००९ पासून त्यास स्वामी केशवानंद यांचे नाव आहे. भगव्या वस्त्रातील माणसाचे नाव प्रवेशद्वारावर पाहून आमच्या कपाळावर किंचित आठी पडली, हे लपवीत नाही. परंतु त्यांचे चरित्र वाचल्यावर ती सैल झाली. सीकर जिल्ह्यातील मगलूणा या गावी १८८३ साली गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेला बीरमा नावाचा मुलगा, विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० मध्ये पडलेल्या 'छप्पनिया' दुष्काळाच्या काळात पोरका झाला. तो पंजाबात फाजिल्क्याला गेला, साधू झाला, अक्षरे शिकला. १९३२ साली त्याने संगरिया येथील, पैशाअभावी बंद पडू पाहणारी एक शाळा हाती घेतली आणि तिचे ग्रामोत्थान विद्यापीठ केले. वाळवंटातील शेतकऱ्यांची मुले राहून शिकतील अशी ती संस्था. पुढे १९५२ ते १९६४ ते राज्यसभेचे सदस्यही होते. दारोदार फिरून वर्गणी गोळा करून निवासी शाळा चालविणे म्हणजे काय, हे आपल्या संस्थेच्या पहिल्या पिढीला वेगळे सांगायला नको. मूठमूठ धान्यावर आपले वसतिगृह चालत होते, त्या दिवसांचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत.

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एका प्राध्यापकांनी आम्हांला फिरवले. गहू, मोहरी, खजुराची झाडे दाखविली. मग जमिनीला चिकटून पसरलेल्या एका हिरव्या वेलीपाशी थांबून ते म्हणाले, "ही आमची मोठ." आमच्या विद्यार्थिनीचे वडील खाली वाकले, शेंग सोलली आणि मोठ्याने हसले. दोन दिवसांत प्रथमच. "सर, ही तर मटकी!"

मटकीच होती. आपल्या भोजनगृहातील पातळ उसळीच्या रूपाने जिने कित्येक पिढ्यांचा पिच्छा पुरविला, तीच. माजी विद्यार्थ्यांनी तिच्यावर केलेले विनोद आम्ही ऐकलेले आहेत. परंतु या कडधान्याची थोरवी आम्हांला त्या वाळूत कळली. देशातील मटकीखालील बहुतांश क्षेत्र राजस्थानात आहे आणि बिकानेरची प्रसिद्ध भुजिया तिच्याच पिठाची असते. वेल उभी वाढत नाही, चटईसारखी पसरते. त्यामुळे उन्हाचा मारा थेट जमिनीवर होत नाही, ओल उडून जात नाही आणि वाऱ्याबरोबर वाळूही उडत नाही. मुळे खोल जातात. त्यांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत बांधतात. पाऊस आला तर शेंगा, नाही आला तरी निदान गुरांना चारा. जुने वाण तयार व्हायला अडीच-तीन महिने घेत, आणि तेथला पाऊस तर त्याआधीच पाठ फिरवितो. म्हणून बिकानेरच्या संशोधकांनी 'आरएमओ-४०' सारखे साठ-पासष्ट दिवसांत हाती येणारे वाण काढले. पाऊस वाढविता येत नाही, तेव्हा पिकाचे आयुष्य कमी करायचे. या एका युक्तीत वाळवंटी शेतीशास्त्राचे बरेचसे मर्म आहे, असे आम्हांला वाटले.

दुसरी गोष्ट खेजडीची. आपण जिला शमी म्हणतो, तीच. राजस्थानने १९८३ साली तिला राज्यवृक्ष केले. आपल्याकडे शेतात झाड म्हणजे पिकाचा शत्रू, अशी समजूत. तेथे बाजरीच्या शेतात खेजड्या मुद्दाम राखलेल्या दिसतात. तिची मुळे इतकी खोल जातात की पिकाच्या वाट्याच्या ओलीला ती फारशी हात लावीत नाहीत. पाने बारीक असल्याने ऊन खाली झिरपते आणि झडलेल्या पाल्याने माती सुधारते. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना. शेंगांची सुकी भाजी, सांगरी, आम्हांला वाढण्यात आली. खरे सांगायचे तर पहिल्या घासाला ती गवताच्या काडीसारखी लागली, तिसऱ्या घासाला आवडली. याच झाडासाठी १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावी अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. आज त्याच प्रदेशात सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जातात आणि बिकानेर परिसरात त्याविरुद्ध आंदोलने होतात. स्वच्छ विजेसाठी जुने झाड पाडावे काय, हा प्रश्न विद्यापीठातील पर्यावरणाच्या वर्गात चर्चिला जातो, असे आपल्या विद्यार्थिनीने पुढे कळविले. तिने वर्गात विचारले होते, की वीज कोणाच्या घरी जाते आणि पाला कोणाच्या शेळीचा जातो, हे आधी मोजावे. हा प्रश्न विचारायला ती आपल्या शाळेतच शिकली, असे मानण्याचा मोह आम्हांला होतो.

परंतु इतिहासाच्या माणसाला सर्वांत जास्त अडवून धरले ते तेथल्या कालव्यांनी. छप्पनियाचा दुष्काळ पाहिलेल्या बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी सतलजचे पाणी वाळवंटात आणण्याचा ध्यास घेतला. १९२५ च्या डिसेंबरात गंग कालव्याची पायाभरणी झाली आणि २६ ऑक्टोबर १९२७ रोजी लॉर्ड आयर्विनच्या हस्ते पाणी सोडण्यात आले. ही तारीख वाचून आम्ही थबकलो. त्याच वर्षी २० मार्च रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. एका वर्षात या देशात पाण्याचे दोन इतिहास घडले. पहिल्यात दूरवरून पाणी आणून वाळू भिजविण्यात आली. दुसऱ्यात दहा पावलांवरचे पाणी पिण्यासाठी माणसांना मार खावा लागला, आणि तो हक्क उच्च न्यायालयाने मान्य करीपर्यंत १९३७ साल उजाडले. पुढे १९३० साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत गंगासिंह आणि बाबासाहेब दोघेही उपस्थित होते. त्यांच्यात पाण्याविषयी बोलणे झाले असते तर ते ऐकायला आम्ही आमची पदवी गहाण टाकली असती.

गंग कालव्याखालील जमीन संस्थानने विकली. ज्यांना विकत घेण्याची ऐपत होती त्यांना ती मिळाली. पंजाबातून अनेक शेतकरी येऊन वसले. ज्यांच्याकडे पैसा नव्हता ते मजूर झाले. हे सांगताना आम्हांला कालव्याचे मोल कमी करायचे नाही. दुष्काळात माणसे मरायची थांबली, हे मोठेच काम आहे. पण पाणी आले म्हणजे न्याय आला, असे होत नाही.

दुसरा कालवा स्वातंत्र्यानंतरचा. बिकानेर संस्थानचे मुख्य अभियंता कंवर सेन यांनी १९४८ साली त्याची योजना मांडली. १९५८ मध्ये काम सुरू झाले आणि १९८७ च्या आरंभी पाणी जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढला पोचले. पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून तेथवरची लांबी ६४९ किलोमीटर. आज त्यास इंदिरा गांधी कालवा म्हणतात. येथे पुन्हा आपला एक धागा गवसतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती बाबासाहेबांकडे होती. त्यांच्या कारकिर्दीत एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, ज्याचा वारसा आजचा केंद्रीय जल आयोग चालवितो. कंवर सेन पुढे याच आयोगाचे अध्यक्ष झाले. दामोदर खोरे योजनेचा पाया बाबासाहेबांनी घातला हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. त्यांच्या काळात उभी राहिलेली यंत्रणा देशाच्या इतर नद्यांवरही काम करीत राहिली, हे मात्र सांगायचे राहून जाते.

या कालव्याखाली भूमिहीनांना जमिनी दिल्या गेल्या, अनुसूचित जातींनाही. पंचवीस बिघ्यांचा एक 'मुरब्बा'. परंतु पाण्यासोबत एक नवे दुखणे आले, आणि आपली विद्यार्थिनी आज ज्यावर संशोधन करते ते हेच. हनुमानगढ, श्रीगंगानगर भागात वाळूच्या थराखाली काही ठिकाणी जिप्समचा कठीण थर आहे. वरून भरमसाट पाणी दिले की ते खाली जिरत नाही. साचते, वर येते आणि येताना क्षार घेऊन येते. जमीन पांढरी पडते. तेथले लोक याला 'सेम' म्हणतात. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या ऊसपट्ट्यात याच रोगाला 'चिबड' आणि 'क्षारपड' म्हणतात. वाळवंटात पाण्याच्या अतिरेकाने शेती मरते, हे ऐकून आमचे सहप्रवासी गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "पाणी ज्याच्या हातात, त्यानं उरलेलं सोडायचं नाही. मग हे असंच व्हणार." आमच्यासोबतच्या प्राध्यापकांना याचा अर्थ हिंदीत सांगितला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. कालव्याच्या डोक्याशी असलेला शेतकरी जास्त पाणी घेतो आणि शेपटाकडचा वाट पाहतो, हे तेथेही खरे, निळवंड्याला आणि जायकवाडीलाही खरे. उपायही पुस्तकात सोपे आहेत: जमिनीखालून निचऱ्याचे पाइप, ठिबक, कमी पाण्याची पिके, खारपण सोसणारी झाडे. अंमलात आणताना ते गावच्या राजकारणात अडकतात.

राजस्थानात एक कायदा आहे, तो आपल्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावा. १९५५ च्या तेथील कुळकायद्याच्या कलम ४२ नुसार अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन त्या जातींबाहेरच्या माणसाला विकता किंवा दान देता येत नाही. कायदा चांगला आहे. कागदावर असलेली जमीन प्रत्यक्ष ताब्यात असतेच असे नाही. २०१५ साली नागौर जिल्ह्यातील डांगावास येथे जमिनीच्या वादातून दलितांच्या हत्या झाल्या, ही फार जुनी गोष्ट नव्हे.

आपल्याकडेही कागद आणि ताबा यांची फारकत आहेच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसे त्यांत उतरली, बायका लेकरांसह तुरुंगात गेल्या. त्या लढ्याच्या परंपरेतून मराठवाड्यात अनेकांनी गायरान जमिनी कसायला घेतल्या. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. आमच्या विद्यार्थिनीच्या आजोबांनी १९८४ पासून गायरानाची दोन एकर बरड कसली. दंडाच्या पावत्या त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून आजोबा गेले, वडील आता झिजवीत आहेत. सातबाऱ्यावर नाव चढलेले नाही.

बिकानेरहून परतल्यानंतर त्या गृहस्थांनी आमच्याकडे माती-वाळूची तक्रार पुन्हा केली नाही. मुलीने पहिल्या सुट्टीत किलोभर मटकीचे बियाणे आणले. बरडीवर त्यांनी ते बाजरीत आंतरपीक म्हणून टाकले. पहिल्या वर्षी रानडुकरांनी बराचसा भाग खाल्ला. दुसऱ्या वर्षी पायलीभर झाली, आणि त्यांतली दोन शेर आपल्या भोजनगृहात जमा झाली. मुलांनी नाके मुरडली ती मुरडलीच.

ती आता तेथेच पीएच.डी. करीत आहे. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्याच सुरतगढ येथे सुरू झाली. त्या पत्रिकेत मातीतला नत्र, स्फुरद, पालाश, क्षार, आम्लविम्ल निर्देशांक सारे काही नोंदले जाते. परंतु ती मिळते गट क्रमांक आणि शेतकऱ्याचे नाव यांवर. ज्याचे नावच नाही त्याच्या मातीचे आरोग्य कोण तपासणार? गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिने बरडीच्या आठ ठिकाणी खड्डे घेतले, वीतभर खोलीची माती काढली, घमेल्यात एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, असे करीत अर्धा किलो उरविली आणि कापडी पिशवीत भरली. वडील शेजारी उभे राहून पाहत होते. ती पिशवी बिकानेरला गेली. महिनाभराने अहवाल आला: सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद कमी, पालाश भरपूर, निचरा चांगला, क्षारांचा दोष नाही. विद्यापीठाच्या छापील नमुन्यात 'जमीनधारकाचे नाव' असा एक रकाना असतो. तिने त्यात आधी आजोबांचे आणि त्याखाली वडिलांचे नाव लिहिले होते. वडिलांनी त्या अहवालाच्या दोन छायाप्रती काढल्या. एक पेटीत दंडाच्या पावत्यांसोबत ठेवली. दुसरी त्यांनी चालू प्रकरणाच्या कागदांना जोडली असून पुढची तारीख मार्चमध्ये आहे.